परड्यातली राखण

प्रश्न : आमच्या परड्यात एक पेरू, दोन डाळिंबं आणि एक सीताफळ आहे. दिवसा पोपट आणि खारी, रात्री वटवाघळं. जुन्या सीड्या टांगल्या, बुजगावणं उभं केलं. पहिले आठ दिवस बरे गेले, आता पोपट त्याच्याच डोक्यावर बसतात. जाळं टाकावं का? आणि डाळिंब वरून चांगलं दिसत असताना आतून कुजलेलं निघतं, ते कशानं?
– एक वाचक, करंजे, सातारा

उत्तर : जाळ्याकडे नंतर येऊ. उद्या सकाळी झाडलोट करण्याआधी झाडाखाली पडलेलं सगळं सुपात गोळा करा आणि एकेक फळ नीट बघा. हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवा, त्याचं कारण पुढे सांगतो. कोण येऊन गेलं ते फळच सांगतं. पोपट गर कोरतो, दोन-चार घास खातो आणि पुढच्या फळाकडे वळतो. त्याची भूक थोडी पण नासाडी मोठी. बुलबुल, साळुंकी, तांबट पिकल्या फळालाच चोच मारतात आणि एकाच भोकातून पोखरत जातात. खारीच्या दातांच्या बारीक खुणा कडेला दिसतात. वटवाघूळ बहुधा फळ तोडून दुसरीकडे नेतं, लटकून चावतं, रस गिळतं आणि चोथा टाकतं. म्हणून पेरू तुमचा आणि चोथा शेजारच्या झाडाखाली, असं घडतं.

पण परड्यातल्या फळांचे खरे वैरी पुष्कळदा पंखवाले असूनही पक्षी नसतात. तुमचं डाळिंब त्यातलंच. फळाला वाटाण्याएवढं भोक आणि तोंडाशी ओलसर, घाण वासाची विष्ठा असेल, तर ती सुरसा अळी. तिचं फुलपाखरू फुलावर नाहीतर कोवळ्या फळावर अंडं घालतं, अळी आत शिरते आणि दाणे खात मोठी होते. भोक नाही, नुसती सुई टोचल्यासारखी खूण आहे आणि भोवतीचा भाग मऊ पडलाय, तर तो रस शोषणारा पतंग. हा अंधार पडल्यावर येतो, सोंडेनं साल भेदून रस पितो, आणि त्या छिद्रातून बुरशी आत जाते. आटपाडी भागातले डाळिंबवाले रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरतात ते त्याच्यासाठीच. उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात.

आता कुंपणावर एक नजर टाका. तिथे गुळवेल किंवा वसनवेल चढली आहे का? करोनाच्या काळात काढ्यासाठी म्हणून घरोघर गुळवेल लावली गेली. या पतंगाच्या अळ्या नेमक्या याच वेलींच्या पानांवर वाढतात. गुळवेल औषधी खरी, पण डाळिंबाच्या शेजारी तिला जागा देऊ नका. वेल काढायची नसेल तर निदान पानं उलटून अळ्या वेचत राहा.

पेरूतल्या पांढऱ्या अळ्या फळमाशीच्या. मादी सालीखाली अंडी घालते, अळी गर खाते, फळ गळतं, आणि अळी मातीत शिरून कोष करते. म्हणजे गळलेलं फळ झाडाखाली पडू देणं ही पुढच्या पिढीची सोयच झाली. ते खतखड्ड्यातही टाकू नका. जाड पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. बाजारात मिथाइल युजेनॉलचे सापळे मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा अनेकांना माहीत असेल. तो जरूर टांगा, पण त्यात फक्त नर सापडतात हे ध्यानात ठेवा. मोठ्या बागेत त्याचा उपयोग चांगला होतो. एकट्या झाडावर मात्र गल्लीतून फळलेल्या माद्या येतच राहतात.

याहून मोठा इलाज बहराचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या, म्हणजे आंबेबहराच्या, फुलांचे पेरू पावसाळ्यात पिकतात आणि फळमाशीचा जोरही तेव्हाच असतो. मृगाच्या बहराची फळं थंडीत येतात. त्यांत अळी फार कमी, गोडीही जास्त. तुमच्या झाडाचे पावसाळी पेरू दरसाल किडत असतील तर आंबेबहराची फुलं हातानं खुडून टाका. जिवावर येतं, मला माहीत आहे, पण झाडाची ताकद मृगाच्या फळांसाठी राहते.

आता राखणीचं. आपल्याकडे शाळवाला दाणा भरू लागला की माळ्यावर बसून गोफण फिरवायची, डबा वाजवायचा. थंडीत भोरड्यांचे थवे उतरले की घरातलं लहानमोठं माणूस राखणीला जायचं. गोफणीचा धाक का चालायचा? कारण धोंडा कुठून येईल हे पाखराला ठाऊक नसायचं आणि राखणदार जागा बदलायचा. सीडी आणि बुजगावणं जागचं हलत नाही. आठ दिवसांत पोपटाला कळतं की हे काही करत नाही. वापरायचंच तर फळ पिकायच्या वेळी चार दिवस वापरा, रोज जागा बदला आणि मग काढून ठेवा.

जाळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बारीक नायलॉनचं मोकळं जाळं झाडावर टाकू नका. मी ते केलं आहे. एका सकाळी आमच्या चिकूवर एक छोटं वटवाघूळ अडकलेलं सापडलं. अंगठ्याच्या नखात धागा रुतला होता, सुटायची धडपड करून पंखाचं कातडं फाटलं होतं. जाड हातमोजे घालून, कात्रीनं एकेक दोरा कापत अर्धा तास गेला, तरी ते वाचलं नाही. ते जाळं मी त्याच दिवशी काढलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळ्याची वीण पूर्ण ताणल्यावरही ५ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी असा नियम आहे. साधी पारख अशी : जाळ्यातून बोट आरपार गेलं तर ते जाळं नको. आपल्या घरातली जुनी पांढरी मच्छरदाणी या कसोटीला उतरते. बांबूच्या चौकटीवर ती ताणून बसवा, खाली सैल झोळ ठेवू नका, आणि फळधारणा झाल्यावरच घाला, नाहीतर मधमाश्या आत येणार नाहीत.

तरीही चार झाडांसाठी मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती पिशवी. सबंध झाड राखण्यापेक्षा फळ राखा. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला पिशवी बांधा, डाळिंबाला त्याहून थोडी आधी, कारण सुरसा लवकर येते. आमच्याकडे जुन्या सुती लुगड्याच्या पिशव्या शिवतात, तोंडाला नाडी. पावसाळा सरला की खाकी कागदही चालतो. पिशवीनं पोपट, पतंग, माशी, सुरसा, वटवाघूळ या सगळ्यांचा मोठा त्रास वाचतो. फक्त बांधण्याआधी फळाच्या देठाशी पांढरा पिठ्या ढेकूण नाही ना, ते बघून ओल्या फडक्यानं पुसा. तो आत राहिला तर पिशवीत मजेत वाढतो. सीताफळाला त्याचा त्रास विशेष. तिथे खोडाला चिकटपट्टी बांधून मुंग्यांची ये-जा थांबवा, कारण त्याची राखण मुंग्या करतात. खार मात्र पिशवी फाडते. झाड एकटं उभं असेल तर खोडाभोवती गुळगुळीत पत्रा बांधा. भिंतीवरून फांदीवर उडी मारता येत असेल तर पत्रा व्यर्थ आहे.

आता हातात पिशवी चढवायला का सांगितलं ते. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यावरून घाबरून जायचं कारण नाही. देशात माणसांना लागण झाली ती मुख्यतः केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये. पण पोपटानं चोच मारलेला पेरू सर्वांत गोड, असं म्हणत आपण लहानपणी तो खायचो, ते आता सोडा. उष्टं फळ पोपटाचं की वटवाघळाचं हे मुलांना ओळखता येणार नाही. अडकलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवू नका.

आणि विष घालण्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपट मारणं, पकडणं, पाळणं हा गुन्हा आहे. फळं खाणाऱ्या वटवाघळांना पूर्वी या कायद्यात उपद्रवी प्राण्यांत धरलं होतं; २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. हे प्राणी वड, पिंपळ, उंबराचं बी रानोमाळ नेतात. मिरज तालुक्यातल्या भोसे गावच्या लोकांनी २०२० मध्ये महामार्गाच्या आड येणारा जुना वड तोडू दिला नाही, रस्ता वळवायला लावला. माझ्या समजुतीप्रमाणे रस्त्याकडेची अशी झाडं जितकी तुटतात तितकी पाखरं आपल्या परड्यात येतात. तुमच्या गल्लीत एखादा उंबर असेल तर तो जपा. त्याला फळं लगडली की पेरूवरचा ताण थोडा कमी होईल.

शेंड्याची, हात न पोचणारी फळं तशीच राहू द्या, शिडी लावून पिशव्या बांधत बसू नका. मृगाचे पेरू नवरात्राच्या सुमारास लिंबाएवढे होतील. तोवर पन्नासेक पिशव्या शिवून तयार ठेवा, आणि नाडीची गाठ फळाच्या नाजूक देठाला न मारता वरच्या काडीला मारा.