हिवाळा, रस्ता आणि टायरची निवड

झाशीहून कानपूरकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग चिरगाव ओलांडून मोठ या तहसिलीच्या गावी येतो. पूर्वी २५ क्रमांकाने ओळखला जाणारा हा रस्ता आज पोरबंदर ते सिल्चर जाणाऱ्या २७ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे. झाशी शहर पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांच्या काळात वाढीस लागले आणि त्यानंतर अनेक मराठी घराणी या प्रदेशात स्थिरावली. त्या काळी बैलगाड्या आणि घोडी ज्या मुलुखातून जात, त्याच मुलुखातून आज मोटारी वेगाने धावतात. वाहन बदलले, पण ऋतू तेच राहिले. पौषातील पहाटे या सपाट प्रदेशावर धुके उतरते, दवाने डांबर ओलसर होते आणि गारठा हाडांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी मोटारमालकाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यावेत काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी टायरचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

टायरचे कार्य

मोटारीचा सारा भार जमिनीवर टेकतो तो केवळ चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श साधारण तळहाताएवढाच असतो. गती घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया या चार तळहातांवर अवलंबून असतात. रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षण जितके अधिक, तितकी पकड चांगली. हे घर्षण रबराच्या मऊपणावर आणि टायरवरील नक्षीवर अवलंबून असते. नक्षीच्या खाचा शोभेसाठी नसून चाकाखालचे पाणी बाहेर काढून देण्यासाठी असतात. खाचा झिजून टायरचा गोटा झाला की पाण्याला वाट राहत नाही, आणि वेगात असलेली मोटार त्या पाण्यावर अक्षरशः तरंगू लागते.

थंडीमुळे रबर कडक होते. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली सामान्य टायरची पकड कमी होत जाते. हिवाळी टायरचे रबर वेगळ्या मिश्रणाचे असते. ते गोठणबिंदूखालीही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली लहान मोटारींसाठी असे टायर तयार केले. खऱ्या हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह कोरलेले असते.

पुढच्या चाकांचा मोह

जुन्या ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली आणि पुढची चाके ओढणारी मोटार भारतात घरोघरी पोहोचली. या रचनेत इंजिन पुढे असल्याने मोटारीच्या वजनाचा सुमारे तीन पंचमांश भाग पुढच्या चाकांवर पडतो. त्यामुळे निसरड्या रस्त्यावरूनही ती सहज सुटते.

नेमक्या याच गुणातून एक धोकादायक समजूत जन्माला येते. ओढणारी चाके पुढची, तेव्हा चांगले टायर पुढे घातले की पुरे, असे अनेकांना वाटते आणि दोन टायरचा खर्च वाचवला जातो. परंतु ब्रेक दाबताच मोटारीचा भार आणखी पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढच्या चाकांची पकड भक्कम आणि मागच्यांची कमजोर असेल, तर वळणावर मोटारीचे शेपूट बाहेर फेकले जाते आणि ती गरकन फिरते. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून बहुधा सावरता येते. मागची चाके घसरली तर सामान्य चालकाला सावरण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून हिवाळी टायर घ्यायचे तर चारही घ्यावेत, हा नियम होय. सामान्य टायर दोनच बदलायचे असल्यास, पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीतही नवे टायर मागे बसवावेत आणि मागचे कमी झिजलेले टायर पुढे घ्यावेत.

निवड हवामानानुसार

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा ते लागतात. ऑस्ट्रियात नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर हिवाळी मानलाच जात नाही. अशा देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दरवर्षी टायर बदलणे हा ऋतुचर्येचाच भाग करावा लागतो.

मोठची स्थिती वेगळी आहे. येथे जानेवारीच्या पहाटे पारा ७ अंशांच्या खाली उतरतो खरा, पण दुपारी ऊन पडते आणि बर्फ कधीच पडत नाही. उलट मे महिन्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. हिवाळी टायरचे मऊ रबर अशा तापलेल्या डांबरावर झपाट्याने झिजते आणि मोटार थांबण्यास अधिक अंतर लागते. म्हणून येथील मोटारीला हिवाळी टायर घेणे हा पैशाचा अपव्ययच नव्हे, तर धोकाही ठरेल. येथे हवेत चांगल्या प्रतीचे सामान्य टायर. पावसाळ्यात ‘मार’ आणि ‘काबर’ या काळ्या जमिनींचा चिखल रस्त्यावर येतो, तेव्हा खोल नक्षीची खरी परीक्षा होते. यास्तव टायर बदलायचे ते पावसाळ्यापूर्वी बदलावेत. हिमाचलातील बर्फात क्वचित जाणाऱ्याने साखळ्या सोबत न्याव्यात. त्या ओढणाऱ्या, म्हणजे पुढच्या चाकांना बांधाव्यात आणि मागची चाके मोकळी आहेत हे ध्यानात ठेवून अगदी सावकाश जावे.

टायर विकत घेताना

टायरच्या बाजूवरील अक्षरे वाचता आली की फसगत टळते. ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ या नोंदीत १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १४ हा इंचांतील रिमचा व्यास होय. ८५ हा अंक ५१५ किलोग्रॅम भारक्षमता दर्शवतो आणि ‘टी’ ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. निर्मितीच्या सांकेतिक नोंदीतील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. भारतीय मानक चिन्ह आहे किंवा नाही तेही पाहावे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्याने बाद ठरतो, पण पावसात सुरक्षितता हवी असल्यास त्यापूर्वीच तो बदलणे शहाणपणाचे.

हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पौंड कमी होतो. दुपारी नीट भरलेली हवा पहाटे अपुरी ठरते ती यामुळेच. स्टेपनीचीही हवा त्याच वेळी पाहावी.

टायरच्या पलीकडे

मोठच्या हिवाळ्यातील खरा शत्रू बर्फ नसून धुके आहे, आणि कोणताही टायर धुके भेदू शकत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, असे धरू. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटर आणि ओल्या, निसरड्या रस्त्यावर सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे ओल्या रस्त्यावर एकूण अंतर ५२ मीटर होते. अतिदाट धुक्यात ५० मीटरच्या पलीकडचे दिसत नाही. पुढे दिवे न लावता उभा असलेला ट्रॅक्टर चालकाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. तोच वेग ४० वर आणला तर हे अंतर सुमारे २७ मीटरवर येते. चांगल्या टायरने यातील काही मीटर वाचतात. उरलेले वाचवणे चालकाच्या पायाखाली असते.