के. आर. गौरी अम्मा आणि केरळातील जमीनसुधारणा

कायदा विधिमंडळात संमत होणे आणि त्याचे फळ कसणाऱ्याच्या पदरात पडणे यांत किती अंतर असू शकते, हे के. आर. गौरी अम्मा (१९१९–२०२१) यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

चेर्तलानजीक पट्टणक्काड येथे एका एळवा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेतल्यावर त्या कम्युनिस्ट चळवळीत आल्या. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे महसूल खाते सोपविण्यात आले.

त्या काळी, विशेषतः मलबारात, जमिनीची मालकी मुख्यतः ‘जन्मी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमीनदारांकडे होती. कूळ पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसे. पण मालकाची मर्जी फिरताच त्याला ती सोडावी लागे. दुसऱ्याच्या आवारात झोपडी बांधून राहणाऱ्या ‘कुडिकिडप्पुकारां’ची स्थिती याहून बिकट होती. कायद्याची चाहूल लागली की मालक कुळांना आधीच हुसकावून लावतात. म्हणून आठवड्याच्या आत, ११ एप्रिल रोजी, वटहुकूम काढून अशा निष्कासनास मनाई करण्यात आली. व्यापक विधेयक त्यानंतर आले. जून १९५९ मध्ये ते विधानसभेने संमत केले. परंतु ३१ जुलै रोजी केंद्राने मंत्रिमंडळच बरखास्त केले. पुढे दुरुस्त स्वरूपात झालेला कायदा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयात काही तालुक्यांपुरता अवैध ठरला.

१९६४ साली पक्ष दुभंगला. गौरी अम्मा मार्क्सवादी पक्षात गेल्या, तर त्यांचे पती टी. व्ही. थॉमस मूळ पक्षातच राहिले. १९६७ च्या मंत्रिमंडळात मात्र दोघेही मंत्री होते. महसूल खाते पुन्हा गौरी अम्मांकडे आले आणि १९६३ च्या कायद्यात त्यांनी १९६९ साली मूलगामी दुरुस्ती घडवून आणली. तिची अंमलबजावणी १ जानेवारी १९७० पासून, अच्युत मेनन यांच्या कारकिर्दीत, सुरू झाली. कुळे मालक बनली. ग्रामीण झोपडीधारकास दहा सेंट, म्हणजे सुमारे चार गुंठे, जागा घेण्याचा हक्क मिळाला.

या सुधारणेला मर्यादाही होत्या. मळ्यांच्या जमिनी कमाल धारणेच्या मर्यादेतून वगळल्या गेल्या. शेतमजुरांना, ज्यांत दलितांची संख्या मोठी होती, घराची जागा मिळाली. शेत क्वचितच मिळाले.

१९९४ साली पक्षातून निष्कासित झाल्यावर गौरी अम्मांनी स्वतःचा पक्ष स्थापिला आणि २००१ नंतर विरोधी आघाडीच्या मंत्रिमंडळातही काम केले. तथापि त्यांचे नाव मुख्यतः जोडले गेले ते कुळाच्या पायाखालची जमीन त्याच्या नावे करणाऱ्या कायद्याशीच.