पाठ : कोपऱ्यावरचा बकाला

मुलांनो, आजच्या पाठाचा विषय तुमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. शराफियात इमारतीतून खाली उतरले, चार पावले चालले, की एखादा बकाला दिसतोच. दूध, खबूस, अंडी, साबण, काडेपेटी, सारे एका खोलीत. गावाकडे आजी ज्याला 'वाण्याचे दुकान' म्हणते, तेच हे.

शब्दांची ओळख

अरबी भाषेत 'बक्ल' म्हणजे भाजीपाला आणि 'बक्काल' म्हणजे तो विकणारा. त्यावरून 'बकाला' शब्द आला. जुन्या मराठीतही लहान दुकानदाराला 'बकाल' म्हणत. 'वाणी-बकाल' अशी जोडी जुन्या लिखाणात आढळते. 'दुकान', 'हिशेब', 'बाकी', 'नगद' हे शब्दसुद्धा मूळचे अरबीच. म्हणजे बकाल्यात शिरताना तुम्हांला निम्मी भाषा आधीच येत असते!

जवळच्या दुकानाचा उपयोग

समजा, बकाल्यात दुधाची बाटली १ रियाल महाग आहे. तो १ रियाल वाचवायला टॅक्सीने मोठ्या दुकानात गेलो आणि जाऊन-येऊन २० रियाल मोडले, तर वाचले काय? महिन्याचे वाणसामान मोठ्या दुकानात स्वस्त पडते, हे खरे. पण फोडणीच्या वेळी मोहरी संपली, तर धावत जाता येते ते बकाल्यातच. शिवाय तेथे एक अंडे मागितले तरी कोणी हसत नाही. ओळखीचे गिऱ्हाईक असेल तर काही दुकानदार उधारी वहीत मांडून ठेवतात. शराफियात केरळी दुकानेही पुष्कळ.

सौदीत स्त्रियांना मोटार चालवण्याची परवानगी जून २०१८ मध्ये मिळाली. त्याआधी घरातले पुरुष कामावर गेले, की कोणाला गाडी न मागता आईला गाठता येई ते पायी जाण्याच्या अंतरावरचे दुकानच.

दुकानाची परीक्षा

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जेद्दात चोवीस तासांची संचारबंदी लागली. औषधोपचार आणि अन्न यांसाठीच बाहेर पडायचे, तेही सकाळी ६ ते दुपारी ३ या वेळात आणि आपल्याच वस्तीत. दूरची मोठी दुकाने उघडी असूनही ज्यांना तेथवर जाता येत नव्हते, त्यांची चूल पेटली ती जवळच्या दुकानांच्या भरवशावर.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. विहीर तहान लागल्यावर खणता येत नाही. सगळ्यांनीच सगळी खरेदी बाहेर केली आणि अडीअडचणीलाच बकाल्याची आठवण काढली, तर अडचणीच्या दिवशी तो उघडा सापडेल कसा? बरे दिवस असताना थोडीफार खरेदी तेथे करणे, हीच त्या विहिरीची निगा.

पालकांना विनंती

गावी आपण चिठ्ठी न घेता वाण्याकडे जात होतो. जिन्नस तोंडपाठ, सुट्टे पैसे मुठीत. हिशेब आणि बोलण्याचा धीटपणा तेथेच आला. मुलांना बकाल्यात सोबत न्या. काय हवे ते त्यांनाच सांगू द्या, पैसे त्यांनाच मोजू द्या. घरी परतताना जिन्नसांची नावे मराठीत विचारा.

स्वाध्याय

१. 'बकाला' आणि 'बकाल' या शब्दांचे नाते दोन वाक्यांत लिहा.
२. पाव ३ रियाल, दही ४ रियाल ५० हलाला. १० रियालची नोट दिली, तर बाकी किती? (१ रियाल = १०० हलाला)
३. बकाल्यातील पाच जिन्नसांची नावे मराठीत लिहा. दुकानदारकाकांना त्यांची अरबी नावे विचारून समोर मांडा.
४. आजीला फोन करून विचारा : तुमच्या गावच्या वाण्याकडे काय काय मिळत असे? उत्तर पुढच्या वर्गात वाचून दाखवा.