‘आणि पार्टी’ म्हणजे कोण?

नाशिकच्या अंबड गावातल्या एका घराच्या माडीवर मामांची रेकॉर्डिंगची खोली आहे. शेजारच्या गाळ्यातला पॉवर प्रेस थांबल्यावरच तिथला माईक उघडतो. 14 एप्रिलला पंधरा दिवस उरलेत आणि मंडळाचं नवं भीमगीत रेकॉर्ड व्हायचंय. एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटीला असलेली भाची प्रज्ञा कोरसमध्ये गाते. शिफ्ट संपवून ती थेट आलीय आणि खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या बघून चक्रावलीय.

प्रज्ञा : मामा, ढोलकी, बेंजो, पेटी, कोरस, सगळे एकदम बसणार? आता एकेकाचा ट्रॅक घेतात आणि कॉम्प्युटरवर जोडतात. आमच्याकडं पाच व्हेंडरचे पार्ट येतात, असेंब्ली शेवटी होते. तसंच.

मामा : पार्ट ड्रॉइंगवरून बनतो, म्हणून जुळतो. गाण्याचं ड्रॉइंग कुठंय? ढोलकीवाला गायकाचा श्वास बघून तोडा टाकतो आणि त्या तोड्यावर गायक पुढची ओळ उचलतो. दोघं वेगवेगळ्या दिवशी आले तर माप बरोबर येईल, पण एकमेकांशी बोलणार कधी?

प्रज्ञा : हे तुमचं मत झालं. पुरावा?

मामा : पुरावा लांबचा आहे, अमेरिकेच्या दक्षिणेतला. मेम्फिस नावाचं शहर आणि अलाबामातलं मसल शोल्स नावाचं गाव. तिथल्या स्टुडिओंत जे सोल संगीत झालं, ते जगानं ऐकलं.

प्रज्ञा : सोल म्हणजे नेमकं काय?

मामा : काळ्या लोकांच्या चर्चमधली गायकी घ्यायची आणि तिच्यात प्रेमाचे, संसाराचे शब्द भरायचे. 1954 मध्ये गायक रे चार्ल्सनं ते उघड उघड केलं, तेव्हा धार्मिक माणसं रागावली. आपला प्रवास नेमका उलटा. कव्वाली, भजन, तमाशा, सिनेमा, मिळेल ती चाल घेतली आणि तिच्यात बाबासाहेब आणले.

प्रज्ञा : म्हणजे वामनदादा.

मामा : त्यांच्याही आधी जलसे. 2 मार्च 1930 ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरू लागला. वामनदादा कर्डक 1922 चे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. पोटासाठी मुंबईला गेले आणि अक्षरं तिथंच, तरुणपणी शिकले. 1943 मध्ये पहिलं गीत लिहिलं. पुढं त्यांची गाणी इतक्या गळ्यांतून गेली, की गाणाऱ्याला कवीचं नाव माहीत नसायचं.

प्रज्ञा : मग नाशिकला तेव्हा स्टुडिओ का नाही निघाला? मेम्फिससारखा?

मामा : तबकडीचा धंदा एकहाती होता. बहुतेक कारभार एचएमव्हीचा, कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. मराठी गायकाला रेकॉर्डिंग करायचं म्हणजे मुंबई गाठायची. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे तसेच मुंबईत गाऊन मोठे झाले. आणि जुन्या 78 च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रात्रभर चालणारा कव्वालीचा सामना तीन मिनिटांत कसा बसवणार?

प्रज्ञा : कॅसेटवर बसला असेल.

मामा : बसला! साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. ऐंशीच्या दशकात कॅसेट काढणं स्वस्त झालं, छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. आनंद आणि मिलिंद शिंदे घराघरांत पोचले ते कॅसेटमुळं. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागायचे. हे गाणं कोणी ऐकत नाही असं ज्यांना वाटायचं, त्यांना ते ढीग दिसले. तिकडंही तेच झालं. सोलचा जमाना गेला म्हणून मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली, तेव्हा मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या मलॅको कंपनीनं 1982 मध्ये गायक झी. झी. हिलची ‘डाउन होम’ ही तबकडी काढली. ती जवळजवळ दोन वर्षं खपाच्या यादीत टिकली.

प्रज्ञा : पण खोलीचं काय? तुम्ही खोलीवरून सुरुवात केली होती.

मामा : टाळी वाजव. ऐकलंस, टण्ण आवाज आला? समोरासमोरच्या दोन सरळ भिंतींत आवाज चेंडूसारखा आपटतो. म्हणून या भिंतीवर गोधडी टांगलीय आणि ते कपाट तिरकं ठेवलंय. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीनं 1960 मध्ये एक बंद पडलेलं थिएटर भाड्यानं घेतलं. प्रेक्षकांसाठी असलेली उतरती जमीन तशीच ठेवली, सपाट करायला पैसे नव्हते. जमीन आणि छत समांतर नाहीत, त्यामुळं आवाज वेगळाच भरायचा. पुढं खाऊच्या काउंटरच्या जागी तबकड्यांचं दुकान होतं. गल्लीतली पोरं काय विकत घेतात ते तिथंच कळायचं. सुरुवातीला सगळं एकाच ट्रॅकवर. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा.

प्रज्ञा : रिजेक्शन केवढं!

मामा : म्हणून तर वाजवणारे ठरलेले, रोजचे. बुकर टी आणि एमजीज, चौघं; काळेही, गोरेही. बाहेर शहरात वर्णभेद आणि आत हे चौघं एका तालात. 1962 मध्ये मोकळ्या वेळात त्यांनी ‘ग्रीन अनियन्स’ नावाची धून वाजवली आणि तीच गाजली. चौघांतला गिटारवाला आणि तिथला एक गायक लॉरेन मोटेलमध्ये बसून गाणी रचायचे. त्याच मोटेलच्या सज्जात 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. ते मेम्फिसला आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी.

प्रज्ञा : (थोडं थांबून) आणि ते दुसरं गाव?

मामा : मसल शोल्स. नदीकाठचं, अंबडपेक्षाही लहान. रिक हॉल नावाच्या माणसाचा तिथं फेम स्टुडिओ. जानेवारी 1967 मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन आली. एक गाणं झालं, मग भांडण झालं आणि ती निघून गेली. तिच्या रेकॉर्ड कंपनीनं काय केलं असेल?

प्रज्ञा : दुसरे वाजवणारे घेतले असतील.

मामा : त्याच पोरांना न्यूयॉर्कला बोलावलं! स्टुडिओ सुटला तरी चालेल, वाजवणारे तेच हवेत. दोन वर्षांनी, 1969 मध्ये, फेमच्या वाजवणाऱ्यांपैकी चौघांनी हॉलला रामराम ठोकला आणि शेजारच्या शेफील्ड गावात साधी, आपल्या गाळ्यासारखी इमारत घेऊन स्वतःचा स्टुडिओ काढला. बॅरी बेकेट, रॉजर हॉकिन्स, जिमी जॉन्सन, डेव्हिड हूड. साथीला बसणारे मालक झाले. त्यांची नावं आज मी इथं अंबडमध्ये बसून घेतोय. आता तू मला प्रल्हाददादांच्या मागचा एक ढोलकीवाला सांग.

प्रज्ञा : नाही सांगता येणार.

मामा : कव्वालीच्या तबकड्यांवर, कॅसेटवर, जलशाच्या पत्रकावर दोनच शब्द असायचे : ‘आणि पार्टी’. गायकाचं नाव ठळक आणि ज्यांनी गाणं खांद्यावर वाहिलं ते सगळे त्या दोन शब्दांत. वामनदादा गेले 2004 मध्ये, प्रल्हाददादाही त्याच वर्षी. त्यांची नावं राहिली, कारण ती कागदावर होती. पार्टीतली माणसं गेली, त्यांची नोंद कुठं करायची?

प्रज्ञा : आमच्याकडं प्रत्येक जॉबवर ऑपरेटरचा नंबर टाकतात. उद्या काही निघालं तर कोणी केलं ते कळतं.

मामा : चूक शोधायला टाकतात. आपण कौतुकासाठी टाकू. ते रजिस्टर घे. आधी ढोलकीवाल्याचं नाव, मग बेंजो, पेटी, टाळ. कोरसमधल्या सातही जणींची, आडनावासकट. गाणं मोबाईलवर पाठवताना खाली हीच यादी जाईल.

प्रज्ञा : आणि गायकाचं?

मामा : त्याचं नाव लोक लिहितातच. तू शेवटी लिही.