आठ डोळ्यांचा कोळी

पेण गावाची ख्याती गणपतीच्या मूर्तींमुळे दूरवर पसरली आहे. तेथील कारखान्यांत मूर्ती घडते, वाळते, रंगते. परंतु तिच्यात जीव आल्यासारखा वाटतो तो डोळ्यांची आखणी झाल्यावरच. हे काम नवशिक्याच्या हाती कोणी देत नाही. बारीक कुंचल्याची एक रेघ चुकली, की सारी मुद्रा पालटते.

अशाच एखाद्या कारखान्याच्या भिंतीवर, किंवा रोह्यातील एखाद्या घराच्या ओसरीवर, माशीच्या पाळतीवर असलेला करड्या रंगाचा लहानसा कोळी पुष्कळांनी पाहिला असेल. योगायोग असा, की त्याची ओळखही प्रथम डोळ्यांवरूनच पटते.

‘कोळी’ हा शब्द आपल्या भाषेत दोघांना लाभला आहे. धरमतरच्या खाडीत जाळे टाकणारा तो कोळी, आणि कोनाड्यात जाळे विणणारा तोही कोळीच. भिंतीवरचा हा कोळी मात्र भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणतच नाही. तो दबा धरतो आणि झेप घेतो. म्हणून त्याला ‘उडी मारणारा कोळी’ म्हणतात. या कुळात सहा हजारांहून अधिक जाती असून कोळ्यांमधील हे सर्वांत मोठे कुळ होय.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय आणि शरीराचे तीन भाग असतात. कोळ्याला पाय आठ, आणि शरीराचे भाग दोनच: पुढचा शिरोवक्ष व मागचे उदर. कीटकासारख्या मिशा त्याला नसतात. बहुतेक कोळ्यांना डोळे आठ असतात. पण त्यांची मांडणी कुळागणिक निराळी. उडी मारणाऱ्या कोळ्याचे चार डोळे समोर एका ओळीत असतात, आणि त्यांतील मधले दोन इतके मोठे, की समोरून पाहताना मोटारीच्या दिव्यांची आठवण व्हावी. उरलेले चार डोक्याच्या दोन्ही बाजूंस मागे असतात. बाजूच्या डोळ्यांना हालचाल कळते. मग कोळी चटकन वळतो आणि मोठ्या डोळ्यांनी नीट न्याहाळतो. हे मोठे डोळे आत नळीसारखे लांब असतात. बाहेरचे भिंग हलत नाही, पण आतील पडदा हलतो. त्यामुळे हा कोळी मान न वळवता दृष्टी फिरवू शकतो.

त्याची उडीही नवलाची. टोळाप्रमाणे त्याच्या मांड्या जाडजूड नसतात. शरीरातील द्रवाचा दाब तो एकाएकी वाढवतो. त्या दाबाने मागचे पाय ताठ होतात आणि कोळी पुढे फेकला जातो. उडीपूर्वी तो रेशमाचा एक धागा जमिनीला चिकटवून ठेवतो. नेम चुकला तरी धागा त्याला सावरतो.

एखादी जात नवी आहे हे ठरवणे मात्र सोपे नाही. रंगावर विसंबून चालत नाही. नर व मादी यांचे रंगही पुष्कळदा भिन्न असतात. अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली शरीराची, पायांच्या प्रत्येक भागाची, डोळ्यांमधील अंतरांची मोजणी मिलिमीटरच्या अपूर्णांकांत करतात. नराच्या तोंडाजवळ आखूड पायांसारखी एक जोडी असते. तिच्या टोकाचा आकार आणि मादीच्या उदराखालील बारीकशी तबकडी यांची चित्रे काढतात. मग ही चित्रे पूर्वी वर्णिलेल्या जातींशी ताडून पाहतात. ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो संग्रहात जपून ठेवावा लागतो; कोणाला शंका आली तर पुन्हा तपासता यावे म्हणून. इतर प्राण्यांची नावे लिनीयसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. कोळ्यांपुरता अपवाद असा, की क्लार्क या स्वीडिश अभ्यासकाने १७५७ साली दिलेली नावेही मान्य आहेत.

ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या अशाच एका जातीचे वर्णन ध्रुव प्रजापती व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. लांबी अवघी काही मिलिमीटर; पण तिला नाव मिळाले मोठ्या माणसाचे. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा असतो. ‘आयसियस’ ही प्रजाती पूर्वीच माहीत होती. दुसरा शब्द त्यांनी ठेवला ‘तुकारामी’.

हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ ते नाकाबंदीवर होते. हाती केवळ काठी असताना त्यांनी पुढे होऊन अतिरेक्याच्या बंदुकीची नळीच धरली. गोळ्या त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलल्या. नळी सोडली नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना तो अतिरेकी जिवंत पकडता आला. २००९ साली ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

शास्त्रीय नाव सर्व देशांत एकच असते. म्हणून रशियातला किंवा ब्राझीलमधला अभ्यासक या कोळ्याविषयी लिहू लागला, की त्यालाही ‘तुकारामी’ असेच लिहावे लागते.