रांगेतला निरोप : पीएचपीमधली मेसेज क्यू

मराठीत टेक्निकल लिहायचं म्हटलं की आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची पंचाईत होते. पण क्यूला ‘रांग’ आणि मेसेजला ‘निरोप’ म्हटलं की निम्मा विषय तिथेच कळतो. म्हणून हा प्रयत्न.

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला वेगळी मेमरी देते. एकीचं व्हेरिएबल दुसरीला दिसत नाही. मग दोघींनी बोलायचं कसं? पाइप, सॉकेट, शेअर्ड मेमरी असे बरेच मार्ग आहेत. त्यातला मला सोपा वाटलेला मार्ग म्हणजे मेसेज क्यू. युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’मधून आलेली ही सोय लिनक्समध्ये आजही आहे.

गावातली पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. आपण दळणाचा डबा ठेवतो, चिठ्ठी लावतो आणि बाजारात निघून जातो. गिरणीवाले काका त्यांच्या सवडीने दळतात. लाइट गेली तरी डबे जागच्या जागी. चिठ्ठीवर गहू की हरभरा ते लिहिलेलं असतं, त्यामुळे काका आधी सगळे गहू उरकून हरभरा शेवटी घेऊ शकतात. डबा म्हणजे मेसेज, फळी म्हणजे क्यू आणि चिठ्ठी म्हणजे मेसेजचा टाइप.

आता आपल्या कामाचं उदाहरण घेऊ : हॉस्टेलच्या रजेचा अर्ज. विद्यार्थी वेबपेजवर अर्ज भरतो, मग रेक्टर आणि पालक दोघांना मेल जायला हवा. मेल पाठवायला काही सेकंद जातात. तेवढा वेळ पेज अडकवून का ठेवायचं? पेजने फक्त निरोप रांगेत टाकावा, मेल पाठवणारी दुसरी स्क्रिप्ट मागे चालू राहील.

पायऱ्या अशा :

१) ‘एफटॉक’ला एका फाइलचा पाथ आणि एक अक्षर द्या, एक की मिळते. दोन्ही स्क्रिप्टमध्ये तोच पाथ, तेच अक्षर.

२) ती की ‘एमएसजी_गेट_क्यू’ला द्या. क्यू नसेल तर बनते, असेल तर तीच मिळते. परमिशन मुद्दाम सांगा. डिफॉल्ट ०६६६ म्हणजे मशीनवरचा कोणीही युजर निरोप वाचू शकतो.

३) ‘एमएसजी_सेंड’ने टाइप आणि मजकूर पाठवा. टाइप शून्यापेक्षा मोठा हवा.

४) ‘एमएसजी_रिसीव्ह’ने उचला. क्यू रिकामी असेल तर स्क्रिप्ट शांतपणे थांबून राहते, सीपीयू खात नाही.

फळीला मर्यादा असते, हे विसरू नका. लिनक्समध्ये साधारणपणे एक मेसेज ८१९२ बाइट आणि अख्खी क्यू १६३८४ बाइट एवढंच डिफॉल्ट असतं. क्यू भरली की पाठवणाराच अडकतो. ब्लॉकिंग बंद केलं तर अडकत नाही, पण निरोप गेला नाही एवढी एरर मिळते, ती तपासा.

दुसरी गोष्ट : क्यू कर्नलमध्ये राहते. स्क्रिप्ट मेली तरी निरोप राहतात, पण मशीन रीस्टार्ट झालं की सगळे जातात. शिवाय उचललेला निरोप क्यूतून लगेच निघून जातो, नंतर काम अर्धवट राहिलं तरी परत येत नाही. म्हणून अर्ज आधी डेटाबेसमध्ये ठेवा, रांगेत फक्त अर्ज नंबर टाका आणि मेल गेल्यावर तशी नोंद करा. नोंद नसलेले अर्ज सुरुवातीला पुन्हा रांगेत घालता येतात.

आता खरा मुद्दा. माझं गाव शिरढोण, पनवेल तालुक्यातलं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये इथेच जन्मले. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात ते नोकरीला होते. आई आजारी असल्याचं कळल्यावर त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही, आणि ते शिरढोणला पोचले तेव्हा आई गेलेली होती. आमच्या गावात हे लहान मुलांनाही माहीत असतं. अर्ज पोचणं वेगळं आणि वेळेत वाचला जाणं वेगळं. क्यू पहिल्याची खात्री देते, दुसऱ्याची नाही. शनिवार-रविवारच्या पन्नास अर्जांमागे एक ‘आई सीरियस’वाला अर्ज उभा असेल तर साधी रांग त्याला एक्कावन्नावाच नंबर देणार.

इथे टाइप कामाला येतो. घरच्या आजारपणाला टाइप १, साध्या रजेला टाइप २ द्या. उचलताना टाइप म्हणून उणे २ मागा. मग २ किंवा त्याहून लहान टाइपमधला सर्वांत लहान आधी मिळतो, म्हणजे १ नंबरवाले सगळे पुढे. एकाच टाइपमध्ये मात्र आधी आला तो आधी. अर्थात सगळ्यांनीच ‘आजी आजारी’ लिहिलं तर टाइप १ चीच रांग लागेल, त्यावर पीएचपीत फंक्शन नाही!

लॅबमधल्या लिनक्सवर करून बघा. ‘आयपीसीएस उणे क्यू’ ही कमांड दिली की रांगेत किती निरोप थांबलेत ते दिसतं. काम झाल्यावर ‘एमएसजी_रिमूव्ह_क्यू’ने क्यू काढून टाका, नाहीतर ती पुढच्या बॅचच्या वाट्याला येते.