शरणागत ससा आणि पारधी : मांसाहारी घरात राहणाऱ्या उपदेशीचा आचारधर्म

रामटेक हे पंथीयांच्या अंतःकरणात केवळ एका गडाचे नाव नाही. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव यांनी घराचा निरोप घेतला तो रामटेकच्या यात्रेचे निमित्त सांगून. वाटेत सोबतचा परिवार मागे ठेवीत ते ऋद्धिपुरास आले, तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि महाराष्ट्राला सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी लाभले. रामटेकच्या परिसरातील वाकाटककालीन भोगराम हे स्थान आजही पंथीयांना वंदनीय आहे. ज्या क्षेत्राच्या नावाने स्वामींनी घराचा उंबरठा ओलांडला, त्याच क्षेत्राच्या पायथ्याशी उंबरठ्याच्या आत राहून धर्म पाळू पाहणाऱ्या वासनिकाचा एक प्रश्न प्रस्तुत लेखात विचारास घेतला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

रामटेकच्या टेकडीखाली, खिंडसी जलाशयाच्या काठी आणि पेंचच्या रानालगत असलेल्या गावांतून मांस-मासे हे अनेक घरांचे नित्याचे अन्न आहे. अशा घरातील एखादाच मुलगा किंवा एखादीच सून ब्रह्मविद्येचे श्रवण करते, मांस व मद्य सोडते, उपदेश घेते. घरातील बाकी सारे पूर्वीप्रमाणेच जेवतात. चूल एक, पाटा-वरवंटा एक, पंगत एक. व्रत मात्र एकट्याचे. आषाढ संपत आला की आखाडीचे जेवण ठरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, नवसाच्या दिवशी घरात मटण शिजते आणि त्या दिवशी हा एक मनुष्य आपल्याच घरात परका होतो.

संन्यासी साधूला हा प्रश्न या रूपात पडत नाही. त्याने घरच सोडलेले असते. म्हणूनच साधूने वासनिकाला उत्तर देताना घाई करू नये. ‘घर सोड’ हे सांगणे सोपे आहे. परंतु अनुसरणाचा अधिकार सर्वांना एकाच वेळी येत नाही. आणि ‘घरच्यांसाठी थोडे चालवून घे’ हे सांगणे त्याहून सोपे, पण ते धर्माचे नव्हे. या दोहोंच्या मध्ये जो मार्ग आहे तो लीळेतच दाखविलेला आहे.

दृष्टांत

स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या काळातील एक लीळा म्हाइंभटांनी लीळाचरित्रात नोंदविली आहे. पारध्यांनी आपल्या कुत्र्यांवर पैज लावून एका सशामागे ती सोडली होती. धावून थकलेला तो ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. मागोमाग पारधी आले व त्यांनी ससा मागितला. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देणे घडत नाही, हे स्वामींनी त्यांना सांगितले. ते निघून गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि त्या सशाला ‘महात्मा’ असे संबोधून मोकळे केले.

ही लीळा बहुधा सशाच्या बाजूने सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. स्वामींनी पारध्यांना शाप दिला नाही, त्यांच्या कुळाची वा उपजीविकेची निंदा केली नाही, त्यांना दूर हाकलले नाही. ते समोर उभे असताना त्यांच्याशी बोलले. ससा दिला नाही. आणि पारध्यांनाही टाकले नाही. या दोन गोष्टी एकाच आसनावर बसून, एकाच वेळी घडल्या.

दार्ष्टांतिक

उपदेशीच्या ठिकाणी शरणागत ससा म्हणजे त्याचे व्रत. घरची मंडळी म्हणजे पैज लागलेले, पण स्वभावाने दुष्ट नसलेले जीव. व्रत त्यांच्या हाती द्यावयाचे नाही, एका घासापुरतेही नाही. आणि त्यांच्याविषयी मनात घृणाही धरावयाची नाही, एका क्षणापुरतीही नाही.

यामागे पंथाचे तत्त्वज्ञान आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परभिन्न व नित्य आहेत. मांस खाणारा बापही जीवच आणि मांस सोडणारा मुलगाही जीवच. दोघेही अविद्येने बद्ध. दोघांनाही परमेश्वराच्या कृपेची सारखीच आवश्यकता. मुलाला बोध अगोदर झाला, एवढाच भेद. आणि तो बोधही त्याने स्वतः कमावलेला नाही. मग अभिमान कशाचा धरावा? मुंगीसारख्या क्षुद्र जीवाच्याही संसाराची हानी होऊ नये इतकी सूक्ष्म अहिंसा स्वामींनी शिकविली. जो उपदेशी बकऱ्याचा जीव वाचवितो आणि जेवणाच्या पाटावर आईचे अंतःकरण कापतो, त्याने त्या अहिंसेचा अर्धाच पाठ वाचला आहे.

साधूंचा भिक्षाधर्मही हेच सांगतो. भिक्षेसाठी घर निवडावयाचे नसते. सर्व वर्णांच्या दारी जावयाचे असते. ज्या घरात आज मांस शिजले असेल त्या घराच्या दारातही साधू उभा राहतो, शुद्ध भाकरी घेतो, निषिद्ध ते घेत नाही, आणि दाराला नावे ठेवीत नाही. वर्ज्य असतो तो पदार्थ. घर वर्ज्य नसते. साधूला दारात जे साधते ते वासनिकाला स्वयंपाकघरात साधावयाचे आहे.

आक्षेप आणि समाधान

पहिला आक्षेप कृतज्ञतेचा. असे समजा, खिंडसीच्या काठी मासेमारीवर पोट असलेले एक ढिवर कुटुंब आहे. मुलाने उपदेश घेतला. बाप म्हणतो, “बाबू, ह्याच जाळ्यानं तुले वाढवलं. आता ते जाळं पापाचं झालं काय?” हा प्रश्न वादाचा नाही, दुखावलेल्या प्रेमाचा आहे. त्याला शास्त्रवचने ऐकविणे म्हणजे जखमेवर वाद घालणे होय. मुलाने एवढेच म्हणावे, “बाबा, तुमच्या कष्टाचा एक दाणाही मी विसरलो नाही. तुम्हाला मी पापी म्हणत नाही. माझ्या हातून आता जीव जाऊ नये एवढंच मागतो.” आणि मग बोलण्यापेक्षा अधिक काही करावे. नाव दुरुस्त करावी, धानाच्या बांधीत राबावे, मजुरी करून घरात पैसा आणावा, बापाच्या आजारपणात रात्र जागावी. ज्याच्या व्रतामुळे घराचे उत्पन्न घटले त्याने ते दुसऱ्या श्रमाने भरून काढावे. व्रताचा भार दुसऱ्यावर टाकणे हीदेखील एक हिंसाच आहे.

दुसरा आक्षेप शक्तीचा. सून गरोदर असते तेव्हा सासूबाई रश्शाची वाटी पुढे करतात. त्यामागे छळ असतोच असे नाही. पुष्कळदा नातवाची काळजी असते. त्या काळजीला काळजीनेच उत्तर द्यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ मनुष्यासाठी दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत. म्हणजे पन्नास किलो वजनाला सुमारे ४२ ग्रॅम. गरोदरपणी व अंगावर पाजताना ही गरज वाढते. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. विदर्भाच्या घरात तूर, हरभरा, मूग, जवस, शेंगदाणा व सोयाबीन यांची वाण नाही. पालेभाजी व डाळीवर लिंबू पिळल्याने त्यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागते. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींपासून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक नित्य असावे आणि तरीही उणीव आढळल्यास वैद्यांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. गरोदरपणी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या टाळू नयेत. व्रत घेऊन देह झिजविणारा उपदेशी घरच्यांच्या भीतीला खरे ठरवितो. ‘पाहा, सुनेने सोडले आणि ती वाळली,’ असे म्हणण्याची वेळ येऊ देऊ नये.

तिसरा आक्षेप तडजोडीचा. “तुकडा खाऊ नको, नुसता रस्सा घे.” “लग्नाच्या पंगतीत कोण पाहतो?” येथे उपदेशीने जराही वाकू नये. मराठी भाषेत ‘मानभावी’ हा शब्द वरून साधा व आतून कपटी अशा अर्थाने रूढ झाला, हे पंथाच्या जिव्हारी लागलेले शल्य आहे. तो अर्थ अन्यायाचा आहे. परंतु जो उपदेशी चारचौघांत माळ मिरवितो आणि एकांतात रस्सा ओरपतो, तो त्या निंदेला स्वतःच्या आचरणाने पुरावा पुरवितो. चुकून घास गेल्यास लपवू नये. आपल्या साधनदात्यापाशी सांगावे आणि पुन्हा उभे राहावे.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण. स्वतः खाल्ले नाही, पण घरातील इतरांसाठी शिजवावे काय? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा हेही हिंसेचे भागीदार सांगितले आहेत. तेव्हा ‘मी खात नाही, मग शिजविण्यात दोष नाही’ असे मनाचे समाधान करून घेणे बरोबर नाही. परंतु ज्या सुनेच्या हाती घराची सत्ता नाही तिच्यावर आणि घरच्या कर्त्यावर सारखाच भार ठेवणेही न्याय्य नाही. कर्त्याने बाजारातून मांस आणणे थांबविलेच पाहिजे. ते त्याच्या हातात आहे. सुनेने नम्रपणे सुटका मागावी: “आई, हे एक काम मला सोडा, बाकीचं सगळं मी करते.” आणि खरोखरच बाकीचे सारे करावे. दळण, पाणी, भांडी, म्हाताऱ्यांची सेवा यांत तिचा हात इतरांपुढे असावा. सुटका मिळेपर्यंतच्या काळासाठी तिने आपल्या साधनदात्याची आज्ञा घ्यावी. हा निर्णय लेख वाचून स्वतःच्या मनाने करण्याचा नव्हे.

आचारक्रम

स्वतःचे व्रत तत्काळ असते; घराचे परिवर्तन क्रमाने होते. या दोहोंची गल्लत झाली की एकतर व्रत सैल होते किंवा घर तुटते. सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात स्वतःच्या पाकशाळेची हकीकत कोरून ठेविली आहे. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख कोरला त्या वेळी ती संख्या दोन मोर व एक हरिण इतकी उतरली होती, तेही हरिण नित्य नव्हे. आणि पुढे हेही थांबेल असे त्याने म्हटले. ज्याची आज्ञा देशभर चालत होती त्याच्या घरीही एका दिवसात सारे थांबले नाही. विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडलेला आहे. या भूमीला अहिंसेची आज्ञा नवी नाही. नवी असते ती प्रत्येक घरातील पहिली पायरी.

ती पायरी अशी असावी. प्रथम आपले ताट, वाटी व तांब्या वेगळा ठेवावा. तो स्वतः घासावा. नंतर एक पातेले व एक पळी वेगळी मागावी. चूल एकच असेल तर आपली भाजी अगोदर शिजवून झाकून ठेवावी. आखाडीच्या वा धुळवडीच्या दिवशी सकाळीच आपले जेवण उरकावे. परंतु सणाच्या दिवशी रुसून घराबाहेर राहू नये. पंगतीत बसण्याचा आग्रह झाला तर आपले ताट घेऊन बसावे, नाक मुरडू नये, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून उपदेश करू नये. नवसाच्या बोकडाचा प्रसाद म्हणून जे येते ते घेऊ नये, कारण त्यात हिंसा आहे आणि परमेश्वराखेरीज अन्य आश्रयही आहे. पण ज्यांची त्या देवतेवर श्रद्धा आहे त्यांच्यासमोर देवतेची निंदा करू नये. लहान मुलांना धाक दाखवून व्रत लावू नये. त्यांना लीळा सांगाव्यात. सशाची लीळा ऐकलेले मूल पुढे आपणच विचारते.

पेंचच्या जंगलात आज ससा मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हा आहे. तो कायदा आवश्यकच आहे. परंतु कायदा हाताला आवरतो, मनाला नाही. स्वामींपाशी शिपाई नव्हते, दंड नव्हता. मांडीखाली थरथरणारा एक जीव होता आणि समोर पैज लावलेली माणसे होती. मांसाहारी घरात एकटा शाकाहारी झालेला उपदेशी रोज दोन वेळा त्याच ठिकाणी बसतो. त्याने मांडी हलवू नये आणि समोरच्यांकडे पाठही फिरवू नये.

घरचे बदलतील की नाही, हे उपदेशीच्या हाती नाही. ते त्या त्या जीवाच्या अधिकारावर आणि परमेश्वराच्या कृपेवर आहे. परंतु एखाद्या सणाच्या दिवशी म्हातारी आईच न सांगता एक लहान पातेले वेगळे काढून त्यात वरण शिजत घालते, तेव्हा त्या घरात काय घडले हे जाणत्यांनी ओळखावे. त्या आईने व्रत घेतलेले नसते. पण आपल्या लेकराच्या व्रताला तिने आपल्या चुलीवर आश्रय दिलेला असतो.

दंडवत प्रणाम.